बाह्य हार्ड डिस्क : विश्रांतीतील वीजवापर आणि आयुर्मान (लोणावळा-मावळ परिसर)

बाह्य हार्ड डिस्क, म्हणजे स्वतंत्र पेटीत बसवलेली आणि केबलने संगणकाला जोडायची डिस्क, दोन आकारांत मिळते. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्ट विजेवर चालते. साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. आत चुंबकीय लेपाच्या तबकड्या मिनिटाला बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचन-लेखनाचे हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर, हवेच्या थरावर तरंगतात. कामाविना नुसती फिरणारी साडेतीन इंची डिस्क साधारण ४ ते ६ वॅट वीज घेते, अडीच इंचीला एक वॅटच्या आसपास पुरते. मोटर थांबली की दोन्हींचा वापर बहुधा एका वॅटखाली येतो. ५ वॅटची डिस्क वर्षभर अखंड फिरली तर सुमारे ४४ युनिट जळतात. घरगुती बिलात ही रक्कम मोठी नाही. म्हणून मोटर केव्हा थांबवावी हे बचतीपेक्षा झिजेवरून ठरवणे रास्त.

झीज मुख्यतः चालू-बंद होण्यात असते. मोटर सुरू होताना सर्वाधिक प्रवाह ओढते. अडीच इंची डिस्कला त्या क्षणी एक अँपिअरपर्यंत लागू शकतो, तर यूएसबी २.० च्या पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आणि ३.० ची ९०० आहे. जुन्या पोर्टवर किंवा लांब केबलवर डिस्क टकटक आवाज करून सुरूच होत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हेच. दुसरी झीज हेडची. विश्रांतीत हेड तबकडीवरून बाजूच्या उतारावर चढवून ठेवले जातात आणि अशा फेऱ्यांची मर्यादा उत्पादक बहुतेक वेळा ३ किंवा ६ लाख सांगतात. काही डिस्कमध्ये अवघ्या आठ सेकंदांच्या शांततेनंतर हेड बाजूला घेण्याची योजना होती. संगणक मधूनमधून काहीतरी लिहीत राहिला आणि मिनिटाला अशा दोन फेऱ्या झाल्या, तर ३ लाखांची मर्यादा साडेतीन महिन्यांत संपते. विजेच्या किरकोळ बचतीसाठी दिलेली ही किंमत फार मोठी आहे.

त्यामुळे दिवसातून अनेकदा लागणारी डिस्क फिरती ठेवणे आणि दिवसाकाठी एकदाच लागणाऱ्या डिस्कची मोटर अर्धा ते एक तास शांतता राहिल्यावर थांबवणे हा समंजस मार्ग. विंडोजमध्ये ही वेळ पॉवर ऑप्शन्समध्ये, लिनक्समध्ये एचडीपार्म या आज्ञेने ठरते. पेटीतील यूएसबी चिप मात्र काही वेळा आज्ञा पुढे पोहोचवत नाही आणि स्वतःचीच वेळ पाळते. आठवड्यातून एकदा लागणारी बॅकअपची डिस्क काम संपताच ‘सेफली रिमूव्ह’ करून काढून ठेवणे सर्वांत चांगले. बंगल्यांच्या सीसीटीव्ही रेकॉर्डरमधील डिस्क चोवीस तास लिहीत असते. तिला थांबवण्याचा प्रश्नच येत नाही, तिथे त्या कामासाठी बनवलेलीच डिस्क हवी.

लोणावळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६२० मीटर. उत्पादक साधारण ३,००० मीटरपर्यंत हमी देतात, तेव्हा विरळ हवेची इथे अडचण नाही. अडचण पावसाची आहे. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात आणि कपाटातल्या चामड्यावर बुरशी येते. हवाभरल्या डिस्कला गाळणीचे एक बारीक छिद्र असते; त्यातून बाहेरची दमट हवा सावकाश आत जाते. उत्पादकांची अट आर्द्रतेपेक्षा पाणी न साकळण्याची असते. वातानुकूलित खोलीतून उघड्या व्हरांड्यात आणलेली थंड डिस्क लगेच जोडली तर तिच्यावर बाष्प साकळण्याचा धोका राहतो. ती पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी. फिरती डिस्क स्वतःच्या उष्णतेने कोरडी राहते. मुंबई-पुण्याच्या कुटुंबांच्या, आठवडाभर बंद असणाऱ्या बंगल्यांत मात्र थंड पडलेली डिस्क ओलीला अधिक उघडी असते. तिथे ती सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. जेल ओले झाले की बदलावे. हे साधे काम आहे आणि मावळात तेच सर्वाधिक दुर्लक्षिले जाते.

लोणावळा, वळवण व शिरवता तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालते, तरी पावसाळ्यात तारांवर फांद्या पडून घाटात वीज जाते. वीज अचानक गेली तरी तबकड्या काही क्षण फिरत राहतात. त्या गतीतून मोटर स्वतःच जनित्र बनून हेड सुरक्षित जागी नेण्याइतकी वीज देते. यंत्र बहुधा वाचते, अर्धवट लिहिलेली फाइल वाचेलच असे नाही; एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कवर नोंदवही नसल्याने तो धोका अधिक. साडेतीन इंची डिस्क यूपीएसवर चालवावी. इन्व्हर्टर असल्यास तो यूपीएस मोडवर ठेवावा. लॅपटॉपवर चालणाऱ्या अडीच इंचीला लॅपटॉपची बॅटरी तारते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्मार्ट या यंत्रणेत ठेवते. त्यातील क्रमांक ४ मोटरच्या चालू-बंद फेऱ्यांचा, ९ चालू तासांचा, १९३ हेडच्या फेऱ्यांचा असतो. ५ किंवा १९७ या क्रमांकाचा आकडा शून्यावरून वर सरकू लागला, तर आधी सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि मगच तपासणी करावी.