आचार्य, आचारी आणि मुक्त सॉफ्टवेअर

विषय सॉफ्टवेअरचा आहे, पण सुरुवात मी शके 1506 पासून, म्हणजे 1584 पासून करणार आहे. ज्ञानेश्वरी लिहून तोवर जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. नकला करणाऱ्यांनी कुठे शब्द बदलले होते, कुठे पदरच्या ओव्या घातल्या होत्या. एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असं शेवटी बजावलं. नाथांची अडचण नीट पाहा. लोक ग्रंथ उतरवून घेत होते, याचं दुःख नव्हतं. तसा तो घराघरांत पोचला. दुःख याचं, की कोणी काय बदललं ते कळत नव्हतं.

आता एकदम चारशे वर्षं पुढे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1989 मध्ये जीपीएल नावाचा परवाना आणला. हा परवाना म्हणतो: प्रोग्राम वापरा, उघडून वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. पण बदल केला असेल तर तशी ठळक नोंद करा, आणि पुढच्यालाही हीच मोकळीक द्या. मला यात तत्त्वज्ञान दिसतं ते इथे. बदलायला बंदी नाही, लपवून बदलायला बंदी आहे. हेलसिंकीचा लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याने 1991 मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो याच परवान्याखाली आणला.

आमच्या वाकोल्यातला एक मुलगा कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिनक्सने तो अगदी झपाटलाय. "सर, सगळं फुकट!" म्हणतो. मी म्हटलं, बाबा रे, इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेत, म्हणून स्टॉलमनना जन्मभर खुलासे करावे लागले. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं. आपल्याला फुकट आधी आठवतं, हा भाग निराळा.

मराठीला या मोकळेपणाची गरज का पडली? नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी लिहायचं म्हणजे कुठल्यातरी कंपनीचं पॅकेज विकत घ्यायचं. प्रत्येकाचे अक्षरांचे संकेत वेगळे. एकात टाइप केलेलं दुसऱ्यात उघडलं की नुसता गिचमिडा. माझी त्या काळातली व्याख्यानं अशीच पडून आहेत. फाइल शाबूत, पण ते पॅकेज आता मिळत नाही. वाळवीने खाल्लेली वही एकवेळ समजते हो. इथे एकही अक्षर गेलेलं नाही आणि वाचता मात्र येत नाही.

पुढे युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक दिला. पण क्रमांकाने अक्षर दिसत नाही. त्याला फाँट लागतो, आणि जोडाक्षरं जुळवणारा प्रोग्रामही लागतो. हे काम आपल्या उपनगरांतही झालं. जुहूला एनसीएसटी ही सरकारी संस्था होती, पुढे ती सी-डॅकमध्ये गेली. तिथल्या इंडिक्स प्रकल्पात लिनक्सला भारतीय लिप्या शिकवल्या गेल्या. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तिथे 'रघु' हा फाँट केला. विंडोजमधला 'मंगल' त्यांचाच. हात एकच; पण 'मंगल'ला मालक आहे, आणि 'रघु' मोकळा वाटला गेला. 2004 मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' फाँट जीपीएलखाली खुले केले. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीचं नाव आठवा.

यात मराठीची स्वतःची एक खोच आहे. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा', यात एका र च्या रूपाचा फरक आहे. पहिल्यात व्याख्यान होईल, दुसऱ्यात जेवण! दर्या आणि दऱ्या तसंच. हिंदीला हा ऱ्य लागत नाही. आपला ल आणि श सुद्धा हिंदी छपाईतल्यापेक्षा वेगळा. बाजार पाहणारा हिंदीपुरतं जमवून थांबला, तर बंद सॉफ्टवेअरमध्ये आपण अर्ज करायचा आणि वाट पाहायची. मुक्त असेल तर सांगलीचा किंवा वाकोल्याचा विद्यार्थी तो फाँट उघडतो, ऱ्य दुरुस्त करतो, आपल्या नावानिशी परत पाठवतो. सांभाळणारे तो तपासतात, पटला तर घेतात. नाथांचं प्रती ताडण्याचं काम आता असं रोज चालतं.

अर्थात नुसत्या उत्साहाने हे होत नाही. नवं लिनक्स बसवायला एक संध्याकाळ पुरते. शेकडो मेनूंचं मराठी करायला, ते पुढच्या आवृत्तीत पुन्हा तपासायला माणसं टिकत नाहीत. कारण त्यात मिरवण्यासारखं काही नसतं. आमच्या या मुलाने एका प्रोग्रामचं मराठीकरण हातात घेतलंय, हे मला त्याच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं. परवा अडला होता: 'फाइल'ला 'संचिका' म्हणायचं का? मी म्हटलं, फाइलच ठेव, बँकेत आणि कोर्टात सगळे तेच म्हणतात. त्याला संचिका हवी आहे. वाद अजून मिटलेला नाही.