मालेगावचा सुपरमॅन: लोंबत्या नाडीच्या हिरोची खरी गोष्ट काय?

हॉलिवूडच्या सुपरमॅनचा पोशाख कसा चापूनचोपून बसलेला असतो. पण नाशिक जिल्ह्यातल्या सुपरमॅनच्या लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबते आणि फुंकर मारली तर उडेल अशी त्याची अंगकाठी. तो पडद्यावर आला की लोक टाळ्यांआधी हसतात.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरात सीमेवर डोंगराळ सुरगाणा आहे. दुसऱ्या बाजूला, गिरणा आणि मोसम नद्यांच्या संगमावर यंत्रमागांचं मालेगाव. 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांमुळे देशाला हे नाव ठाऊक झालं. गावाची खरी नशा मात्र सिनेमा. इथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी आधी 'शोले'ची गावठी आवृत्ती काढली आणि पुढे थेट सुपरमॅनलाच हात घातला.

हिरो झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा. खलनायकाला सगळीकडे घाण हवी असते! गटारं तुंबलेल्या कुठल्याही शहराला हा व्हिलन ओळखीचा वाटेल.

कथा मात्र सरळ चालत नाही. विनोद मध्येच घुसतो, प्रसंग तुटतात. पैसे आणि सवड मिळेल तसं शूटिंग झालं, तर दुसरं काय होणार? ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. सुपरमॅनला उडवायला हिरवा पडदा. एकदा तर कॅमेराच पाण्यात पडला. त्यात हिरोचं लग्न निघालं आणि काम थांबलं.

ही सगळी धडपड फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या 2008 च्या माहितीपटात टिपली. तो भारतातल्या थिएटरांत लागला 29 जून 2012 ला. तेव्हा शफीक नव्हता. 2011 मध्ये कर्करोगाने त्याचं निधन झालं होतं.

रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 28 फेब्रुवारी 2025 ला प्रदर्शित झाला. त्यात आदर्श गौरव नासिर, विनीत कुमार सिंग लेखक फरोग आणि शशांक अरोरा शफीक आहे. (पुढे स्पॉयलर आहे.) या चित्रपटात शफीकला कॅन्सर झाल्याचं कळतं आणि मग दुरावलेले मित्र त्याच्यासाठी सुपरमॅन बनवायला एकत्र येतात. प्रत्यक्षात क्रम वेगळा होता. माहितीपटातला शफीक बारीक आहे, पण आजारी नाही. तो नुकताच लग्न करून आलेला, उडायला उतावीळ झालेला तरुण आहे.

पटकथेच्या सोयीसाठी केलेला हा बदल उत्तरार्धात रडवतो, पण पूर्वार्धातली खोडकर मजा थोडी हरवते. दोन्ही बघणार असाल तर माहितीपट आधी बघा. जेमतेम तासाभराचा आहे, आणि त्यात उडणारा शफीक खरा आहे.