कुणाचा रे तू?

माझा नातू मुंबईला असतो. दिवाळीत चार दिवस मुरब्याला आला होता. पालघरहून एस.टी.ने येताना शेजारी बसलेल्या एका आजोबांनी त्याला विचारलं, "कुणाचा रे तू?" त्याने सांगितलं. मग सुरू झालं, "म्हणजे मास्तरांचा नातू! नोकरी कुठे? पगार किती? लग्नाचं काय?" घरी आल्यावर बॅग टाकून तो म्हणाला, "आजोबा, इथल्या लोकांना अजिबात मॅनर्स नाहीत!"

संध्याकाळी तोच ओट्यावर मोबाईल बघत बसला होता. शेजारची सून तीनदा समोरून गेली, पण पठ्ठ्याने मान वर केली नाही. ती माझ्या बायकोला म्हणाली, "काकी, शहरात राहून पोरं अगदी माणूसघाणी होतात हो."

दोघांपैकी कुणालाच खोटं म्हणता येईना, तिथेच माझी पंचाईत झाली. जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे घरातलं भांडण असलं तरी मी आधी सनावळी शोधतो. ही खोड आता जायची नाही. तेव्हा मंडळी, आजचा विषय हाच. माणुसकी गावात जास्त की शहरात?

२००६ सालची गोष्ट आठवते का? 'रीडर्स डायजेस्ट'ने त्या वर्षी जगातल्या ३५ शहरांची सभ्यतेची परीक्षा घेतली होती. चाचण्या तीन. मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवतात का, रस्त्यात कुणाचे कागद पडले तर उचलू लागतात का, आणि किरकोळ खरेदीनंतर दुकानदार 'थँक यू' म्हणतो का. पहिलं आलं न्यूयॉर्क, ८० टक्के. शेवटची आली आपली मुंबई, ३२ टक्के!

मला तेव्हा हसू आलं होतं. आमच्या वाण्याच्या दुकानाला धरून ठेवायला दार असतं कुठे? आणि 'धन्यवाद' हा शब्द आपण भाषण संपवताना वापरतो. आईने ताटात भाकरी वाढली म्हणून तिला कुणी धन्यवाद म्हटलं तर ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. ही आपली रीत त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवायची?

पण नुसतं हसून भागत नाही. त्या परीक्षेच्या आगेमागेच मुंबईची दोनदा खरी परीक्षा झाली होती.

पहिली २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या मंगळवारी मी एका कामासाठी मुंबईत होतो. दुपारची लोकल अंधेरीच्या पुढे थांबली ती थांबलीच. शेवटी रुळांतून चालत जोगेश्वरीपर्यंत आलो. एका चाळीच्या दारात एक बाई उभी होती, भिजलेल्या माणसांना आत घेत होती. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण रात्रभर बसलो. तिने चहा दिला, कोरडा टॉवेल दिला, "घरी फोन लागला का?" एवढंच विचारलं. ती हिंदी बोलत होती. तिचं गाव कुठलं हे मी विचारलं नाही, माझं तिने विचारलं नाही. सकाळी निघताना मी पैसे पुढे केले तर ती रागावली.

दुसरी परीक्षा ११ जुलै २००६ ला. संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. ही आमच्या विरारकडची लाईन. तेव्हा रुळांकाठच्या झोपड्यांतली माणसं अंथरुणावरच्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना उचललं. कागद उचलायच्या परीक्षेत नापास झालेलं शहर ते हेच!

मग एरवी शहर असं कोरडं का वागतं? यावर विद्वानांनी खूप लिहून ठेवलं आहे. गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने १९०३ साली मांडलं, की महानगरात माणसावर इतक्या गोष्टी एकदम आदळतात की तो मनाभोवती एक कवच तयार करतो. १९७० मध्ये स्टॅनले मिलग्राम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. हजार माणसं रोज समोरून जात असतील तर प्रत्येकाची विचारपूस करणं शक्यच नाही. मन गाळणी लावतं. पुढे रॉबर्ट लेव्हाइन यांनी अमेरिकेतली ३६ शहरं तपासली. तिथे जितकी वस्ती दाट, तितकी मदत कमी, असं दिसलं. पण त्यांनीच जगातली २३ शहरं पाहिली तेव्हा आपलं गच्च भरलेलं कोलकाता बरंच वर आलं. म्हणजे नुसत्या गर्दीवरही खापर फोडता येत नाही.

मला वाटतं, शहराने गर्दीत राहण्याचे स्वतःचे शिष्टाचार तयार केले आहेत. लोकलमधली चौथी सीट बघा. तिघांच्या बाकावर चौथा येतो, नुसता हात हलवतो आणि तिघं सरकतात. जात, गाव, नाव कोणी विचारत नाही. गावचा माणूस याला तुटकपणा म्हणेल. पण विचार केला तर पायांना आराम मिळण्यासाठी ओळख सांगावी लागत नाही, ही केवढी मोठी सोय आहे!

आता गावाकडे येऊ. मी वाढलो त्या मुरब्यात दाराला दिवसा कडी नसे. सातपाटीला जायचं तर होडीने खाडी ओलांडायची, आणि होडीत बसलेल्या प्रत्येकाचं कुळ प्रत्येकाला ठाऊक. कुणाची बोट उशिरा आली तर सगळा किनारा जागा राही. हे मी पाहिलेलं आहे, त्यात खोटं काही नाही.

या जिव्हाळ्याचा आम्हाला अभिमानही होता. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या मोर्चावर गोळीबार झाला. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, सुकूर गोविंद मोरे आणि रामचंद्र भीमाशंकर तिवारी हे पाच जण हुतात्मा झाले. त्यांतले चुरी आमच्या मुरब्याचे. पालघरची पाचबत्ती त्यांच्याच आठवणीची. वर्गात मी ही नावं दरवर्षी पाठ करून घेत असे. पण पाचवं नाव तिवारी आहे, याचा मी स्वतः कितीतरी वर्षं विचारच केला नव्हता. का नव्हता, ते पुढे सांगतो.

त्या जिव्हाळ्याला कुंपण होतं. माझ्या लहानपणी पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यातून आदिवासी बाया डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन यायच्या आणि बदल्यात सुके बोंबील न्यायच्या. त्यांना कुणी हाकललं नाही. माझी आई त्यांच्याशी हसून बोलायची. पण पाणी मागितलं की त्यांनी ओंजळ धरायची आणि आईने वरून ओतायचं. त्यांची नावं आम्हाला माहीत नव्हती. 'कुणाचा रे तू?' हा प्रश्न त्यांना कधी विचारलाच गेला नाही, कारण उत्तर कुणाला नकोच होतं.

त्या डोंगरपट्ट्यात काय चाललं होतं ते मला गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मधून कळलं, तेही नोकरीला लागल्यावर. वेठबिगार, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभराची गडीगिरी... १९४५ साली झरीच्या सभेत हजारो वारल्यांनी वेठ नाकारली. आमच्या गावापासून हे किती लांब? एका दिवसात बैलगाडीने निम्मी वाट सरली असती!

म्हणून १६ एप्रिल २०२० ला गडचिंचल्याला अफवेपायी जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं, तेव्हा मी फार अस्वस्थ झालो. लांबलांबचे ओळखीचे फोन करून विचारत होते, "तुमचंच ना ते पालघर?" त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच गरिबांना असंच मारलं गेलं होतं. खुनाचं समर्थन कुठल्याही कारणाने होत नाही. पण जिथे पिढ्यानपिढ्या बाहेरून आलेला माणूस सावकार, ठेकेदार म्हणूनच आला, काहीतरी घेऊनच गेला, तिथे अनोळखी चेहऱ्याची भीती मुरलेली असते. 'गाव म्हणजे मायाळू' असं शाळेच्या निबंधात लिहून घेणारे आम्ही मास्तर हे कधी सांगत नाही.

आणि आमची स्वतःची भीती? १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीजकेंद्र सुरू झालं, मग बोईसरला एम.आय.डी.सी.चे कारखाने आले. देशभरातून माणसं आली. शाळेमुळे मी तेव्हा बोईसरला राहत होतो. घरामागे एक खोली रिकामी होती. एका पावसाळ्यात एक तरुण कामगार चौकशी करत आला. उत्तर प्रदेशातला, हातात पत्र्याची पेटी, अंगावरून पाणी निथळतंय. आईने त्याला चहा दिला. मी सभ्यपणे दोन शब्द बोललो आणि म्हणालो, "खोली नाही." त्याने हात जोडले, कप विसळून पालथा घातला आणि पावसात निघून गेला. पुढच्या महिन्यात तीच खोली मी आमच्याकडच्या एकाला दिली. तो 'कुणाचा' हे मला माहीत होतं ना!

तो मुलगा माझ्याशी जितका सभ्य वागला, तितका मीही त्याच्याशी वागलो होतो. शिष्टाचारात काही कमी नव्हतं. पण जोगेश्वरीच्या त्या खोलीत हातात टॉवेल घेऊन बसलो असताना रात्रभर मला ती पत्र्याची पेटी दिसत होती. तिवारी हे नाव पालघरच्या पाचांत आहे, हेही मला त्याच रात्रीनंतर खऱ्या अर्थाने दिसलं.

थोडक्यात काय, गाव ओळखीच्या माणसाला जीव लावतं आणि शहर अनोळखी माणसाला जागा देतं. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही अपुऱ्या. आणि दोघांचीही खरी परीक्षा दारात निथळत उभ्या असलेल्या माणसापाशी होते.

आता मुरब्याजवळ मोठ्या बंदराचा प्रस्ताव आला आहे. मासेमारीचं काय होणार, ही कोळी बांधवांची चिंता रास्त आहे आणि तिचं उत्तर मिळायलाच हवं. पण चर्चेत मध्येच कुणीतरी म्हणतो, "बाहेरची माणसं येतील हो!" तेव्हा मी गप्प बसतो. मला त्या विषयावर बोलायचा फारसा अधिकार नाही.

नातवाला मी एवढंच सांगितलं, की एस.टी.तल्या आजोबांना नीट उत्तर देत जा, पगार सांगितला नाहीस तरी चालेल. आणि शेजारची वहिनी दिसली की मान वर करून "काय चाललंय?" म्हणायला पैसे पडत नाहीत. तो हसला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलंही.

माझं म्हणाल तर स्टँडवर नवखा माणूस दिसला की अजून जिभेवर आधी 'कुणाचा रे तू?' हेच येतं. सत्तर वर्षांची सवय. मग ते गिळतो आणि विचारतो, "कुठे जायचंय?"