धानाचे पैसे, रात्रभराचं नाटक

२००३ साली लीफ व्हॅन बोव्हेन आणि थॉमस गिलोविच या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध लिहिला. सार असं, की वस्तूंपेक्षा अनुभवांवर खर्च केलेला पैसा माणसाला जास्त सुखावतो. आमच्या आयटीवाल्यांत हे वाक्य मुख्यतः ट्रेकच्या फोटोखाली टाकायच्या कामी येतं. पण मंडळी, हा हिशेब नीट बघायचा तर चंद्रपूर-गडचिरोलीकडे जायला हवं.

गोंडपिपरी तालुका म्हणजे वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधली जमीन. पुढे दक्षिणेला या दोघी मिळतात आणि प्राणहिता होते. भंडारा-गोंदियापासून इथपर्यंतच्या धान आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. पावसाळी धान निघालं, विकलं, की घरात रोख पैसा दिसतो. तो असा वर्षातून एकदाच. आणि त्यातला एक वाटा नाटकाला जातो!

दिवाळीपासून साधारण होळीपर्यंत हा हंगाम चालतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. रात्री दहा-अकराला पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. गाणी खरीखुरी, तबला-पेटीवर तिथेच म्हटलेली. मधे विनोदी पात्राचा धुमाकूळ. कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथून गाड्या निघतात, आज एका गावात प्रयोग, उद्या दुसऱ्या. मूळ दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यांचं. बांधीव संहितेची पडदेवाली नाटकं नंतरची.

पण खर्च तिकिटाचा नाहीच हो, पाहुण्यांचा आहे. गावात नाटक म्हणजे सासरी गेलेल्या लेकी येणार, जावई, व्याही येणार, त्यांचं जेवणखाण आलं. सोयरिकीही इथेच जमतात. थोडक्यात, तिकीट एका नाटकाचं आणि भेट अख्ख्या गणगोताची.

शहरी माणूस इथे हमखास विचारतो, की एवढ्या पैशात घरावर पत्रे नसते का आले? प्रश्न जुना आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, कर्जाचे कागद जाळले, आणि दंगे पसरले. कुणबी लग्न-सणांत पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो, हे तेव्हाचं लाडकं मत. सरकारनं नेमलेल्या दख्खन दंगे आयोगानं मात्र या कारणाला फाजील महत्त्व दिलं गेलंय, असाच निष्कर्ष काढला. दख्खन वेगळी, झाडी वेगळी, मान्य. आरोप मात्र तोच, आणि तो करणाराही बहुतेक वेळा बाहेरचाच. (आपण हप्त्यावर घेतलेला टीव्ही कुणी उधळपट्टीत धरत नाही, ही गंमत.)

शिवाय हा पैसा पूर्ण उडतही नाही. गावचं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं, तिकिटं विकतं, आणि काही उरलं तर ते देवळासारख्या गावच्या कामाला लागतं. तोटा झाला तर? तोही मंडळाच्याच डोक्यावर. २०१६ च्या नोव्हेंबरात हंगाम जेमतेम सुरू झालेला आणि पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. सगळा व्यवहार रोखीचा, काय झालं असेल कल्पना करा. मग २०२० चा करोना.

एवढं होऊनही कलावंत टिकले. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या नावावर सुमारे ८०० भूमिका आणि ५००० प्रयोग होते. माणूस शेतकरी!

शंकरपटाचं दुखणं वेगळंच. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद पडल्या आणि दिवसाचा अर्धा खेळ गेला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदाही कायम ठेवला. आता पट पुन्हा भरतात, आणि पटाला आलेला पाहुणा नाटक बघितल्याशिवाय घरी जात नाही.