हलक्या विमानांचे जमिनीवरील धोके

हलक्या विमानांचे जमिनीवरील धोके : लहान विमानतळांवर उड्डाणापूर्वी व उतरल्यानंतर संभवणारे अपघात व त्यांची कारणे. सेसना १७२ या चार आसनी विमानाचे रिकामे वजन सुमारे ७५० किग्रॅ. असते, त्यामुळे सोसाट्याच्या वाऱ्याने ते उलटू शकते. म्हणून उभे विमान पंख व शेपटीकडून दोरांनी बांधतात आणि चाकांना ठोकळे लावतात. फिरता प्रोपेलर नजरेला जवळजवळ दिसेनासा होतो. त्याचा फटका प्राणघातक ठरतो. सैल खडीने त्याच्या पात्यांना टवके पडतात. कुंपण नसल्यास धावपट्टीवर गुरे, कुत्री शिरतात. वेग मोजण्यासाठी समोरून येणारी हवा घेणाऱ्या पिटो नळीत कुंभारीण माशीने चिखलाचे घर केल्यास वेगमापक चुकीचा वेग दाखवतो. त्यासाठी नळीवर आवरण घालतात; मात्र उड्डाणापूर्वी ते काढलेच पाहिजे. वैमानिकाने दर वेळी विमानाभोवती फिरून बारकाईने केलेली तपासणी यांपैकी बहुतेक दोष वेळीच उघड करते.