नाण्यावरची खूण

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागातील काडु मल्लेश्वराच्या देवालयास १६६९ साली व्यंकोजी राजांनी एक गाव इनाम दिले. त्या दानाचा शिलालेख प्रसिद्ध आहे. दगडावर कोरलेला राजशब्द पिढ्यान् पिढ्या टिकतो. नाण्यावर कोरलेला राजशब्द मात्र सीमा ओलांडताच दुबळा होई. पेशवाईत देशावर चांदीचा रुपया रूढ होता. कर्नाटकात होन आणि फनम यांचा व्यवहार मोठा. तेव्हा इकडे येणाऱ्या मराठी माणसास प्रथम सराफाची पेढी गाठणे भाग पडे.

देशावर तरी रुपया एकच कोठे होता? पुण्याचा अंकुशी निराळा, चांदवडी निराळा. सराफ नाणे तोलून पाही, वाजवून पाही आणि संशय आल्यास त्यावर बारीक ठसा मारी. ती खूण म्हणजे चांदीच्या शुद्धतेविषयीची साक्ष. परंतु अशा अनेक खुणांनी विद्रूप झालेल्या रुपयास पुन्हा कमी भाव मिळे. हा जो फरक कापला जाई तो बट्टा. नावाला बट्टा लागणे हा आपला वाक्प्रचार त्याचीच आठवण देतो.

सातासमुद्रापलीकडे कॅरिबियन बेटांवर याच धातूची निराळी कथा घडली. तेथे स्पेनचा आठ रियालांचा डॉलर चाले. पण तो व्यापारासाठी बाहेर निघून जाई आणि सुटी नाणी तर दुर्मिळच. म्हणून बेटांच्या कारभाऱ्यांनी डॉलरचे तुकडे केले, त्यांवर आपले छाप मारले. १८११ साली त्रिनिदादमध्ये डॉलरच्या मध्यातून तुकडा कापून एका नाण्याची दोन केली गेली. अंगभूत चांदीहून अधिक किंमत ठरविलेले असे नाणे परदेशी कोण नेणार? ते घरीच राहिले.

तेथे खूण सरकारची होती, येथे सराफाची. तेथे ती नाण्यास बांधून ठेवी, येथे त्याची परीक्षा सांगे. परंतु दोन्हीकडे प्रश्न एकच होता : या चांदीचा जामीन कोण? आणि जामीन अनेक झाले की त्यांचे मोल गरिबाने भरावयाचे. सारा भरणारा कुणबी असो की पगार घेणारा शिपाई, बट्ट्याचा भार अखेर त्याच्याच पदरी पडे.

१८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलुखात प्रमाण ठरविला आणि सराफाच्या ठशाचे महत्त्व ओसरू लागले. तरी मराठवाड्यात निजामाचा हाली शिक्का विसाव्या शतकातही चालत होता. राज्ये पालटतात, नाणी वितळतात. पण हातातील पैसा आपल्या गावाबाहेरही तितक्याच मोलाचा राहील, हा भरवसा सामान्य माणसास फार उशिरा मिळाला, हे विसरता कामा नये.