गोधडीच्या दोऱ्याचं घराणं

बाळाच्या गोधडीचं कौतुक होतं ते कापडासाठी. आजीचं लुगडं, आईची साडी, आजोबांचं धोतर. दोऱ्याची चौकशी कोणी करत नाही. खरं तर गोधडी किती टिकणार, हे बरंचसं दोराच ठरवतो.

पूर्वी सूत हातानं कातलेलं. तेच पीळ देऊन शिवायला घ्यायचं. बंगालच्या कांथा गोधड्यांत तर जुन्या साडीच्या काठातलेच धागे ओढून वापरत. कापड आणि दोरा एकाच जातीचे, एकाच ताकदीचे. दोघं मिळून झिजत.

ही जोडी फुटली ती युरोपातल्या लढायांमुळे. 1806 मध्ये नेपोलियननं ब्रिटनची नाकेबंदी केली, रेशीम मिळेनासं झालं आणि स्कॉटलंडच्या पेझलीत क्लार्क घराण्यानं रेशमाच्या जागी पीळदार सुती दोरा काढला. पुढे 1844 मध्ये जॉन मर्सरनं सूत कॉस्टिक सोड्यातून काढून पाहिलं. त्याच वाटेनं चकचकीत, मजबूत ‘मर्सराइज्ड’ दोरा आला. 1850 नंतर शिवणयंत्र पसरलं आणि त्याला लागणारा एकसारखा, गाठ नसलेला दोराही. मुंबईत ताडदेवची पहिली गिरणी 1856 मध्ये चालू झाली. गावात घरोघर गिरणीचं कापड आलं, आणि शिवणदोऱ्याचं रीळही.

मोठी उलथापालथ केली पॉलिएस्टरनं. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट निघालं. आपल्याकडे टेरिकॉटच्या जमान्यात तो दोरा शिंप्याच्या मशीनवर चढला. तो तुटत नाही, आटत नाही, स्वस्तही पडतो. नव्या कापडाला उत्तम. पण दहा वर्षं धुतलेल्या मऊ सुती साडीत तो सुरीसारखा चालतो: ताण आला की दोरा शाबूत राहतो आणि टाक्याच्या भोकापाशी कापड चिरतं.

आज घाटकोपर-मुलुंडच्या मॅचिंग सेंटरात किंवा बोरिवलीच्या लेस-बटणांच्या दुकानात सुती आणि पॉलिएस्टर दोन्ही दोरे शेजारी मिळतात. जुन्या साड्यांच्या गोधडीला सुती दोराच घ्यावा. भरतकामाची सहापदरी लडी असेल तर दोन-तीन पदर पुरतात. लाल, निळा दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. नव्या कापडाचा थर असेल तर तो धुऊन, आटवूनच घ्यावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात.

धावदोरा लहान हवा. टाके लांब सुटले की त्यांत बाळाचं वाळं अडकतं. सुटलेला दोरा पायाच्या बोटाला आवळून बसू शकतो. म्हणून गाठ दोन थरांच्या मध्ये लपवायची आणि मणी, आरसे, झालरी मोठेपणीच्या गोधडीसाठी ठेवायच्या. कडा सरळ असतील तर उभ्या कापडाची पट्टी चालते. कोपरे गोल केले तर गोट उरेब पट्टीचाच लावावा, म्हणजे वळणावर चुण्या पडत नाहीत. गोट मशीननं जोडून मागच्या बाजूला हातशिलाई केली की कड गालाला टोचत नाही.

दोरा तुटला तर पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो; कापड चिरलं तर ठिगळच लावावं लागतं. त्यामुळे दुकानात रीळ निवडताना आधी कापडाची ताकद बघावी, रंग नंतर.